त्याने सॉरी म्हटलंच नाही!

परवाच्या भिशीत भांडण होता होता राहिलं. कारण पैशांचं नव्हतं, कुणाच्या सुनेचंही नव्हतं. कारण होतं खुशी. खुशीकुमारी गुप्ता हो! तीच ती, लखनौची, टेन्शन आलं की जिलब्या तळत बसणारी आणि देवीमय्याशी मोठमोठ्यानं गप्पा मारणारी. 'इस प्यार को क्या नाम दूँ' ही मालिका जून २०११ मध्ये स्टार प्लसवर सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये संपलीसुद्धा. आमच्या बार्शीच्या भिशीत मात्र ती अजून चालूच आहे. चिठ्ठी उघडून झाली, पोह्यांच्या बशा फिरल्या, की कुणीतरी अर्णवचा विषय काढतंच.

आता तुम्ही म्हणाल, संपलेल्या मालिकेवर भांडण्यासारखं काय उरलं? तर त्याचं असं आहे, मालिका संपली तरी बघणारीच्या डोक्यातली गोष्ट संपत नाही. त्या वेळी कितीतरी मुलींनी, बायकांनी ती गोष्ट स्वतःच पुढे लिहायला घेतली. अर्णव तोच, खुशी तीच, प्रसंग नवे. कुणी मालिका जिथे संपली तिथून पुढे गेलं, कुणी मधलाच न आवडलेला भाग बदलून टाकला. याला फॅन फिक्शन म्हणतात. चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी. हौस म्हणून लिहायच्या, फुकट वाचायच्या. आमच्या भिशीतल्या निम्म्या बायका दुपारी भांडी आवरली की मोबाईलवर हेच वाचत असतात. मीही वाचते. आमचे हे म्हणतात, 'तुमचं वय काय, वाचता काय!' मी म्हणते, तुम्ही तीच ती मॅच हायलाइट्समध्ये दहादा बघता, तेव्हा मी काही बोलते का?

नवीन काही नाही हो यात. जात्यावर बसलेल्या बाईनं रामायण पोथीतल्यासारखंच थोडंच म्हटलं? सीतेचा वनवास हा ओव्यांमधला केवढा तरी मोठा विषय आहे. सीतेचं दुःख आपल्या सासुरवासाला जोडून बायकांनी ती गोष्ट आपल्या परीनं सांगितली. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांचा आकडा लाखावर आहे. तिकडे अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ पासून स्वतःची छापील मासिकं काढून गोष्टी लिहिल्या, त्यातही बायका पुढे होत्या. तेव्हा दुसऱ्याची गोष्ट हातात घेऊन तिला आपलं वळण लावणं हा बायकांचा जुनाच उद्योग आहे. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, ही बाई नाक मुरडायलाच बसली आहे.

नाक मुरडणार आहेच मी, पण घरचं माणूस म्हणून.

तर भिशीत झालं काय, एकीनं नुसतं विचारलं, 'या गोष्टींमधल्या प्रेमात तुम्हाला सगळ्यात जास्त चीड कशाची येते गं?' बस्स. पोहे गार झाले.

पहिली म्हणाली, गैरसमज. चाळीस भाग गैरसमज! त्यानं तिला कुणाशी तरी बोलताना पाहिलं, तिनं त्याला कुणाला तरी हात देताना पाहिलं, आणि दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. 'तो कोण होता?' एवढे तीन शब्द विचारले असते तर तिसऱ्या भागात गोष्ट आटोपली असती. दुसरी म्हणाली, मला त्या डोळ्यांचा वैताग येतो. प्रत्येक भागात त्याच्या चॉकलेटी डोळ्यांत ती बुडते. पोहायला शिक की बाई एकदा! शाळेत शिकवणाऱ्या आमच्या बाईंचा राग वेगळाच होता. त्यांची एक आवडती गोष्ट सदतिसाव्या भागावर थांबली आहे. लिहिणाऱ्या मुलीनं खाली लिहिलंय, 'परीक्षा आहे, नंतर भेटू.' हे २०१४ सालचं. 'आता ती पोरगी नोकरीला लागली असेल, पोरंबाळं झाली असतील, आणि माझी खुशी अजून पावसात उभी आहे!' असं त्या म्हणाल्या तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली.

माझा स्वतःचा राग जरा घरगुती आहे. मालिकेतलं ते रायजादांचं घर आठवा. नानी आहे, मामा-मामी आहेत, बहीण अंजली आहे, आकाश आहे, नोकरमाणसं आहेत. दिवाणखान्यात पाय ठेवला की कुणीतरी बसलेलंच. त्या गर्दीतून त्या दोघांनी एकमेकांकडे बघणं, जिन्यात समोरासमोर येणं, मामीच्या 'हॅलो हाय बाय बाय'मध्ये अडकून राहिलेलं वाक्य, यातच तर सगळी गंमत होती. आपल्याला ती कळते, कारण आपलीही लग्नं तशाच घरांत मुरली. बोलायचं असलं तर गच्चीवर वाळवण घालायला जावं लागे. आणि या गोष्टींत काय होतं? लेखिकेला प्रेमप्रसंग लिहायचा असला की अख्खं घर तीर्थयात्रेला! नानी वैष्णोदेवीला, मामी माहेरी, अंजली तिसरीकडेच. पाच-पाच दिवस त्या एवढ्या घरात दोघंच, आणि एकदाही कुकर लावलेला नाही. भांडी कोण घासतं, हा प्रश्न मला अगदी ऐन रोमान्समध्ये पडतो. माणसं काढून टाकली की प्रेम मोकळं होत नाही हो, पोकळ होतं. सगळ्यांच्या देखत चोरून धरलेला हात आणि रिकाम्या घरात धरलेला हात यांचं वजन वेगळं असतं.

आजारपणाचं तर विचारूच नका. अर्णवला मधुमेह दाखवलाय. ही मला मालिकेतली फार खरी गोष्ट वाटायची, कारण आमच्याही घरी गेली चौदा वर्षं तोच पाहुणा मुक्कामाला आहे. पण गोष्टींमध्ये त्या मधुमेहाला काही शिस्तच नाही. दोघांचं भांडण झालं की त्याची साखर उतरते, तो कोसळतो, ती रडत रडत त्याला मांडीवर घेते, आणि साखरेबरोबर गैरसमजही ताळ्यावर येतो. अगं बायांनो, मधुमेहातलं प्रेम असं नसतं! ते रोज सकाळी सातला असतं. बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, काल लग्नात दोन पेढे खाल्लेत की नाही ते खरं सांगा म्हणून उलटतपासणी घ्यायची. गोळी घेतली का, हे वाक्य मी आजवर किती हजार वेळा म्हटलं असेल! लिहा ना कुणीतरी तसं. जिलबी करणारी बायको आणि जिलबी खायची बंदी असलेला नवरा, एवढं सुंदर मालिकेनं हातात आणून दिलं होतं. त्यावर नुसती मूर्च्छा कसली काढता?

इथपर्यंत सगळ्या एकमतानं हसत होतो. भांडण पेटलं ते लावण्यावरून.

आठवते का लावण्या? अर्णवची आधीची मैत्रीण. सुरुवातीला नखरेल, तोऱ्यात वागणारी. खुशीलाच नेमलेलं असतं तिला घरच्या रीतीभाती शिकवायला. आणि त्या दोघींची मैत्रीच होते. पुढे अर्णवचं मन खुशीवर आहे हे लावण्याच्या लक्षात येतं, तेव्हा ठरलेला साखरपुडा ती स्वतः मोडते आणि ताठ मानेनं निघून जाते. मला तर वाटतं, त्या मालिकेतली सगळ्यात शहाणी बाई तीच. पण गोष्टींमध्ये तिची काय दशा करतात! ती विष कालवते, जिन्यावर तेल सांडते, खुशीचे फोटो काढून पाठवते. मी म्हटलं, मला याची चीड येते. तर समोरची म्हणाली, 'अहो ताई, कुणीतरी वाईट नको का? नाहीतर गोष्ट चालणार कशी?' मी म्हटलं, वाईट माणूस मालिकेतच आहे की, श्याम! अंजलीचा नवरा. लग्न झालेलं लपवून खुशीच्या मागे लागणारा. त्याला सोडून तुम्हाला लावण्याच कशी सापडते? यावर ती म्हणाली, 'श्यामची भीती वाटते, लावण्याचा राग येतो. रागावर लिहायला सोपं जातं.'

मी गप्प झाले. खरंच बोलली ती. आपल्याकडेही नवरा बाहेर कुणाकडे बघायला लागला की आधी 'त्या बयेचा' उद्धार होतो, मग जमलं तर नवऱ्याचा. गोष्टी लिहिणाऱ्या पोरी हे शिकल्या कुठून, ते शोधायला लांब जायला नको.

एका गोष्टीला मात्र सगळ्या हसतात आणि मला ती तितकीशी टोचत नाही. ती म्हणजे लेखिकेनं स्वतःलाच गोष्टीत घुसवणं. अर्णवच्या ऑफिसात एक नवीन मुलगी येते. ती हुशार, देखणी, गाणारी, कराटेही येणारी, सगळ्यांची लाडकी. लिहिणारीच असते ती, नाव बदललेलं. यावरची टिंगल तर फार जुनी आहे. पॉला स्मिथ नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७३ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांची खोडी काढायला एक चिमुकली गोष्ट लिहिली होती. तिची नायिका मेरी स्यू, वय साडेपंधरा, आणि अख्ख्या ताफ्यातली सगळ्यात लहान लेफ्टनंट! तिला सगळं येतं, शेवटी ती मरते आणि सगळे पुरुष तिच्यासाठी रडतात. तेव्हापासून असल्या नायिकेला 'मेरी स्यू' हेच नाव पडलं. गंमत म्हणून ठीक आहे. पण ज्या मुलीला घरात, वर्गात, लग्नघरात कधी कुणी मधे उभं केलं नाही, ती आपल्या वहीत स्वतःला मधे उभी करते, तर करू दे की चार दिवस. हिंदी सिनेमाचा हिरो गेली कित्येक वर्षं हेच करतो आहे. एकटा वीस जणांना लोळवतो, तेव्हा कुणी त्याला नाव ठेवलं का?

आता खरं दुखणं सांगते.

माझी एक भाची आहे, थोरल्या ताईची मुलगी. सोलापूरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं हीच मालिका लहानपणी आमच्याकडे सुट्टीत येऊन माझ्या मांडीवर बसून पाहिलेली. गेल्या दिवाळीत तिचा साखरपुडा झाला. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, दिसायला चांगला, बोलायला गोड. तर ही पोरगी स्वतः गोष्ट लिहिते हे मला आत्ता फेब्रुवारीत कळलं. मराठीत! खुशी चक्क सोलापुरी शेंगाचटणी खाते तिच्या गोष्टीत. 'मावशी, तूच वाच आधी, आईला सांगू नकोस,' म्हणून तिनं मला अकरा भाग पाठवले. एका दुपारी मी सलग वाचून काढले, आणि खरं सांगते, पोरीच्या हातात जादू आहे. एक प्रसंग होता, अर्णव गुपचूप रात्री स्वयंपाकघरात येऊन जिलबीचा पाक बोटानं चाखतो आणि खुशी डब्यामागून त्याला पकडते. मला तर वास आला पाकाचा.

नववा भाग आला आणि मी थांबले. अर्णव खुशीचा फोन घेतो. तिच्या कॉलेजातल्या एका मित्राचा नंबर त्याला दिसतो. तो नंबर काढून टाकतो, फोन तिच्या हातात देतो आणि म्हणतो, आता गरज नाही त्याची. आणि खुशी? खुशी लाजते. मागून त्याला मिठी मारते. भाग संपला.

मी मनात म्हटलं, ही खुशी नव्हे.

तुम्ही पाहिली होती ना ती? एका दमात पन्नास वाक्यं बोलणारी. एवढा मोठा शेठ समोर उभा असला तरी 'समजता काय तुम्ही स्वतःला' म्हणणारी. आपण तिच्यावर जीव टाकला तो त्या जिभेसाठी. अर्णवसुद्धा त्या जिभेवरच भाळला. आणि या बहुतेक गोष्टींत प्रेम जमलं रे जमलं की पहिल्यांदा तिची जीभच जाते. ती 'हं' म्हणते, मान खाली घालते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. लिहिणारीला वाटतं हे प्रेम. मला वाटतं, आपली चांगली मैत्रीण लग्न करून गेली आणि वर्षानं भेटली तेव्हा ओळखूच येईना, तसं झालं. असं होतं की नाही प्रत्यक्षात? भिशीत, माहेरी, वटपौर्णिमेला भेटतात ना आपल्याला अशा? कॉलेजच्या स्नेहसंमेलनात अख्खा हॉल हसवणारी, आणि आता 'ह्यांना विचारून सांगते'पलीकडे वाक्य नाही.

आणि तो फोन! ही लागण काही आमच्या पोरींपासून सुरू झाली नाही. 'ट्वायलाइट' ही २००५ सालची इंग्रजी कादंबरी. तिचा नायक रक्तपिपासू आहे, ते एक वेळ सोडून देऊ. पण तो नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो, आणि जगभरच्या मुलींना ते फार हळवं वाटलं. त्या कादंबरीवर एका चाहतीनं फॅन फिक्शन लिहिली, त्यात नायक झाला अब्जाधीश आणि नायिकेनं काय खावं, कुणाला भेटावं इथपर्यंत सगळं ठरवायला लागला. नावं बदलून २०११ मध्ये ते पुस्तक आलं, तेच 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'. त्या मालिकेच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे बघा, ही पाळत ठेवणारी प्रीती किती लोकांना हवीहवीशी वाटली! आपल्या गल्लीत कुणी रात्री खिडकीशी उभा राहिला तर आपण आधी शेजारच्या भाऊंना हाक मारतो आणि मग पोलिसांना फोन करतो. २०१३ पासून बाईचा असा पाठलाग करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो, आणि बाई इंटरनेटवर, ई-मेलवर काय करते यावर पाळत ठेवणंही त्यात धरलंय. गल्लीतल्याला जे लागू, ते चॉकलेटी डोळ्यांच्या माणसाला का नाही?

भाचीला मी फोन केला.

'मावशी, आवडली का?'

'आवडली गं. पाकाचा प्रसंग तर काय जमलाय! पण मला एक सांग, त्यानं नंबर काढून टाकला तेव्हा खुशी काहीच कशी म्हणाली नाही?'

'काय म्हणणार? त्याला काळजी वाटते म्हणून करतो ना तो.'

'खुशी? आणि काही म्हणणार नाही?'

ती हसली. मग सहज म्हणाली, 'अगं, त्यात काय एवढं. माझ्या फोनचा पासवर्ड यांच्याकडेपण आहे. साखरपुडा झाला त्याच आठवड्यात मागितला. लोकेशनपण चालू ठेवते मी, नाहीतर काळजी करत बसतात.'

'बरं. आणि त्यांच्या फोनचा पासवर्ड तुझ्याकडे?'

थोडा वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाली, 'त्यांच्यात ऑफिसचं असतं ना मावशी.'

मी पुढे काही बोलले नाही. काय बोलणार होते? लग्न ठरलेल्या पोरीला मावशीनं फोनवर भाषण दिलं, तर ती पुढच्या वेळी गोष्ट पाठवायची नाही, आणि बाकीचंही सांगायची नाही. मुलगा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. त्यानंही हेच बघितलं असेल, हेच ऐकलं असेल. त्यालाही कुणी सांगितलं असेल की विचारपूस करणारा नवरा म्हणजे प्रेमळ नवरा. मी फक्त म्हटलं, 'हे बघ, तुझ्या आणि त्यांच्यातलं मला काही विचारायचं नाही. मी वाचक म्हणून सांगते. नवव्या भागात मला माझी खुशी सापडली नाही. तिला बोलायला लाव.'

'मग भांडण होईल ना त्यांचं!'

'होऊ दे की. मालिकेत दुसरं काय होतं?'

ती म्हणाली, 'पण मावशी, मालिकेतपण त्यानं तिच्याशी जबरदस्तीनंच लग्न केलं होतं. तरी आपल्याला तो आवडलाच ना?'

बोलती बंद केली पोरीनं माझी. खरंच की! गच्चीवर श्यामनं खुशीला मिठी मारलेली अर्णवनं पाहिली, पुरतं न ऐकता तिलाच दोषी धरलं, आणि बहिणीचं लग्न मोडेन अशी धमकी देऊन सहा महिन्यांच्या कराराचं लग्न तिच्यावर लादलं. का, ते तिला सांगितलंसुद्धा नाही. तेव्हा मी काय केलं होतं? दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भाकरी उरकून टीव्हीसमोर बसले होते! पुढे गैरसमज मिटला, दोघांचं रीतसर पुन्हा लग्नही लावून दिलं मालिकेनं, पण त्या सहा महिन्यांचा हिशेब घाईघाईत गुंडाळला असंच मला तेव्हाही वाटलं होतं. मेंदी आली, संगीत आलं, मी टाळ्या वाजवल्या. तिनं त्याला बसवून सगळं विचारायला हवं होतं, आणि त्यानं एक एक गोष्ट नाव घेऊन कबूल करायला हवी होती. ते राहूनच गेलं.

माझ्या मते चांगल्या फॅन फिक्शन तिथेच जन्माला आल्या. मी वाचलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टी त्या राहून गेलेल्या संभाषणाच्याच आहेत. एका गोष्टीत खुशी परत लग्नाला उभीच राहत नाही. आपल्या बुवाजींच्या घरी राहते, आणि अर्णव रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसतो. आत बोलावत नाहीत. दहा भाग तो ओसरीवर आहे. अकराव्यात ती त्याला पाणी देते, नुसतं पाणी. मी रडले होते वाचताना. ही ताकद आहे या लिहिण्यात, म्हणून तर बाकीच्यांचा राग येतो. कारण बाकीच्यांत तो चूक करतो, ती रडते, मग एकदम पुढच्या भागात 'पाच वर्षांनंतर', आणि बागेत जुळी मुलं खेळताहेत. एकाचे डोळे आईसारखे, एकाचा राग बापासारखा. संपलं! मधल्या पाच वर्षांत तो काही बोलला की नाही? पाळणा हलला की सगळं माफ, हे आपल्या आज्या सांगायच्या. त्यांना दुसरा इलाज नव्हता. फोनवर गोष्ट लिहिणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला इलाज आहे, गोष्ट तिच्या हातात आहे.

गेल्या आठवड्यात भाचीनं नववा भाग परत पाठवला. बदललेला. आता खुशी फोन परत मागते, नंबर पुन्हा टाकते आणि मग सुटते! दीड पान नुसती बोलते. मधेच देवीमय्याला साक्षीला बोलावते, मधेच स्वतःच्याच वाक्यावर अडखळते, मधेच म्हणते, माझ्या फोनमध्ये काय आहे ते विचारलंत तर मी सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नाहीत. मी एकटीच स्वयंपाकघरात 'शाब्बास!' म्हणाले. हे बाहेरून ओरडले, 'काय झालं?'

त्या दीड पानानंतर 'अर्णव म्हणाला' एवढंच लिहिलेलं, आणि पुढे कोरं. खाली मला निरोप : 'मावशी, इथे तो काय म्हणेल ते सुचतच नाहीये. तुला सुचतंय का बघ. रविवारी टाकायचाय भाग.'

पासवर्डचं पुढे काय झालं, ते तिनं सांगितलं नाही. मीही अजून विचारलेलं नाही.

तीन रात्री मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून बघते आहे. आधी लिहिलं, 'सॉरी.' मग खोडलं. कारण ही खुशी लगेच विचारणार, 'कशाबद्दल?' आणि ते त्याचं त्यालाच सांगता यायला हवं. मग लिहिलं, 'मला भीती वाटली होती.' तेही खोडलं. भीती वाटली म्हणून दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा का, असं ती म्हणणार. शेवटी यांनाच विचारलं, 'अहो, तुम्ही असता तर काय म्हणाला असता?' हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मी नंबर काढलाच नसता.' म्हटलं, ते झालं हो, पण काढला असता तर? तर चष्मा काढून पुसायला लागले.

आज गुरुवार आहे. रविवारच्या आत तुम्हाला काही सुचलं तर कळवा.